घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करताना आवाज कुठे हरवतो?

ॲम्पमधून भरदार वाजणारी गिटार थेट कॉम्प्युटरला जोडली, रेकॉर्ड केली आणि परत ऐकली की पहिल्या वेळी बहुतेकांचा चेहरा पडतो. माझाही पडला होता. गिटार तीच, डिस्टॉर्शनचं पेडल तेच, बोटंही तीच. पण हेडफोनमध्ये ऐकू येत होती बाटलीत अडकलेल्या माशीची गुणगुण. दोन दिवस मी केबल बदलून पाहिल्या, नव्या तारा चढवल्या, तारांचं कंपन पकडणारं पिकअपच बिघडलंय असं मनाशी पक्कं केलं. बिघडलं काहीच नव्हतं. तारेपासून कानापर्यंत आवाज ज्या वाटेने येतो, त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा मी नकळत गाळला होता.

इलेक्ट्रिक गिटार एकटीने पूर्ण होत नाही. अकूस्टिक गिटारला लाकडी पोट असतं; तार छेडली की ते पोट घुमतं आणि आवाज तिथेच तयार होतो. इलेक्ट्रिक गिटारचं पोट तिच्या अंगावर नसतं, ते ॲम्प आणि स्पीकरच्या रूपात केबलच्या दुसऱ्या टोकाला असतं. ॲम्पसमोर बसून वाजवताना हे जाणवत नाही, कारण सगळं समोरच असतं. रेकॉर्डिंगला बसलो की ही साखळी आपल्याला एकेक कडी पाहून जोडावी लागते. म्हणून तारेपासूनच सुरुवात करू.

तार, पिकअप आणि ते एक बटण

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढ्यांची. चुंबकाजवळ पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये व्होल्टेज तयार होतं. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. नायलॉनच्या तारा या पिकअपवर ऐकूच येत नाहीत, त्याचं कारणही हेच: चुंबकाला त्यांचं काही सोयरसुतक नाही.

हे व्होल्टेज लहान असतं. हळू छेडलं तर व्होल्टचा छोटासा अंश, सहाही तारांवर जोरात हात मारला तर क्षणभर एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याच्याही वर. पण खरी अडचण व्होल्टेजच्या आकाराची नाही, पिकअपच्या अशक्तपणाची आहे, आणि नवशिक्यांचा टोन सगळ्यात आधी इथेच मार खातो.

वेटोळ्याचा स्वभाव असा, की कंपनं जितकी वेगवान तितका त्याचा स्वतःचा अडथळा वाढत जातो. सिग्नलमधल्या वरच्या, चमकदार भागासाठी पिकअपचा अडथळा लाखभर ओहमच्या घरात जाऊ शकतो. पुढच्या यंत्राच्या इनपुटलाही आपला अडथळा असतो. दोन अडथळे एकामागोमाग आले की व्होल्टेज त्यांच्यात वाटलं जातं, आणि ज्याचा अडथळा मोठा त्याला वाटा मोठा. आपल्याला वाटा हवा पुढच्या यंत्रात. म्हणून गिटारच्या ॲम्पचं इनपुट साधारण दहा लाख ओहमचं, म्हणजे 1 मेगाओमचं ठेवलेलं असतं. तीच गिटार दहा हजार ओहमच्या लाइन इनपुटमध्ये घातली तर वरचा सगळा चमकदार भाग पिकअपमध्येच अडकून राहतो आणि बाहेर येतो तोंडावर पांघरूण घेऊन बोलल्यासारखा आवाज.

ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे गिटार आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या डबीवर, म्हणूनच एक छोटं बटण असतं. कुठे त्यावर ‘इन्स्ट’ असं लिहिलेलं असतं, कुठे ‘हाय-झेड’, कुठे नुसतं गिटारचं चित्र. ते दाबलं की इनपुटचा अडथळा वाढतो. एकदा ते बंद ठेवून आणि एकदा चालू करून तोच रिफ, म्हणजे तोच छोटा तुकडा, रेकॉर्ड करा आणि पाठोपाठ ऐका. एवढं पाच मिनिटांचं काम केलं तर पुढे कधी हे बटण दाबायला विसरणार नाही.

केबलबद्दल थोडक्यात: लांबी जितकी जास्त, तितकी ती वरचे सूर गिळते. खुर्चीत बसून रेकॉर्ड करायला तीन मीटर पुष्कळ झाली.

हमिंग आणि फिरती खुर्ची

पिकअप तारेचं कंपन पकडतं तसं आसपासच्या विजेच्या वायरींचं आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही पकडतं. विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा, काही देशांत 60 वेळा, पुढे जाऊन मागे येतो, आणि तेच आपल्याला हमिंग म्हणून ऐकू येतं. एका वेटोळ्याच्या पिकअपला यापासून सुटका नाही. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये ज्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते हमबकर याच दुखण्यावरचं औषध. त्यात शेजारी शेजारी दोन वेटोळी, दोघांचे वेढे उलट आणि चुंबकाची टोकंही उलट. तारेचा सिग्नल दोन्हीकडून येऊन एकमेकांत मिसळतो. बाहेरून आलेलं हमिंग मात्र एकीकडून सुलटं आणि दुसरीकडून उलटं येतं आणि परस्पर खलास होतं.

माझ्या गिटारवर एका वेटोळ्याची पिकअप आहेत आणि त्यांचा आवाज मला फार प्रिय आहे, म्हणून मी दुसरा उपाय शिकलो. फिरत्या खुर्चीत बसायचं, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा, तारांवर तळवा ठेवून त्या गप्प करायच्या आणि हळूहळू खुर्ची फिरवायची. मॉनिटरकडे तोंड असताना हमिंग जोरात असतं. पाव फेरी झाली की ते ओसरायला लागतं आणि एका कोनावर जवळपास नाहीसं होतं. दोन-चार अंश पुढे गेलात की परत वर येतं. माझ्या खोलीत तो कोन खिडकीच्या उजव्या चौकटीकडे आहे. जमिनीवर मी टेपचा तुकडा लावून ठेवलाय. टेक, म्हणजे एका दमात वाजवून केलेलं रेकॉर्डिंग, घेताना खुर्ची त्या टेपवर.

हमिंगहून वेगळी, किरकिर करणारी बारीक खरखर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बऱ्याचदा दोषी तोच निघतो. टेक होईपर्यंत बॅटरीवर चालवायचं, झालं. दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर असेल तर तोही बंद करा. आणि तारांना हात लागताच खरखर कमी होत असेल तर घाबरू नका. गिटारच्या तारा पुलाखालून, म्हणजे त्या गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या ब्रिजखालून, ग्राउंडला जोडलेल्या असतात. तुमचं शरीर आसपासची विद्युत खरखर गोळा करत असतं. तारेला हात लागला की ती ग्राउंडमध्ये निघून जाते. वायरिंग ठीक असल्याचीच ही खूण आहे.

लाल दिवा लागू द्यायचा नाही

टेपच्या जमान्यात सिग्नल जितका वर नेता येईल तितका न्यायची सवय होती, कारण खाली टेपची सळसळ असायची. तो सल्ला अजून फिरत असतो आणि घरच्या रेकॉर्डिंगचं नुकसान करतो. आजचे इंटरफेस 24 बिटवर रेकॉर्ड करतात. एक बिट म्हणजे साधारण 6 डेसिबल. 24 बिट म्हणजे कागदावर 144 डेसिबलचा पल्ला. वर 12 डेसिबल जागा मोकळी सोडली तर गेले किती? दोन बिट. उरलेले बावीस गिटारला पुरून उरतात, कारण पिकअपची स्वतःची खरखर त्या तळाच्या कितीतरी वर असते. उलट शून्याच्या वर गेलात तर लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो नंतर कुठल्याही प्लगइनने, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाजावर काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, नीट जोडता येत नाही.

म्हणून गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारी घुंडी, अशी ठेवा की सगळ्यात जोरदार जागी मीटर उणे 12 ते उणे 10 च्या आसपास पोहोचेल. इथे एक गोष्ट अनुभवाने कळते. मीटर तपासताना आपण जेवढ्या जोरात वाजवतो, त्याहून खऱ्या टेकमध्ये हात जास्त जोरात पडतो. गाणं सुरू झालं की अंगात येतं. तेवढी जागा आधीच धरून ठेवायची. पिकअप फार जोरकस असेल आणि गेन शून्यावर ठेवूनही लाल दिवा लागत असेल तर पिकअपचे स्क्रू फिरवून ते तारांपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली घ्या. बऱ्याचदा टोनही त्याने मोकळा होतो.

हरवलेला टप्पा

आता माशीकडे येऊ.

डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचे माथे मुद्दाम सपाट करणं. गुळगुळीत लाट चौकोनी व्हायला लागली की मूळ सुराच्या पटीत नवे सूर जन्म घेतात: दुप्पट, तिप्पट, पाचपट, आणि तसेच वर वर. गिटारच्या मूळ स्वरांची उंची तशी मर्यादितच. सगळ्यात जाड तारेचा खुला स्वर 82 हर्ट्झचा, आणि बारीक तारेवर चोविसाव्या पडद्यापर्यंत गेलात तरी जेमतेम 1300 हर्ट्झ. पण डिस्टॉर्शनने जन्माला घातलेली पिलावळ कानाला ऐकू येणाऱ्या शेवटच्या टोकापर्यंत पसरते.

ॲम्पसमोर उभं राहून ऐकताना ती पिलावळ का ऐकू येत नाही? कारण मध्ये स्पीकर असतो. गिटारचा स्पीकर बहुतेकदा बारा इंची कागदी शंकू असतो, आणि त्याला उंच सुरांसाठी वेगळा छोटा स्पीकर नसतो. एवढा मोठा कागद फार वेगाने हलू शकत नाही. पाच हजार हर्ट्झच्या आसपास त्याची ताकद संपते आणि त्याच्या वरचं जवळपास सगळं तो गाळून टाकतो. खालच्या टोकालाही तो थोडं कापतो, मध्ये कुठे उंचवटे, कुठे खड्डे तयार करतो. गाणी ऐकायच्या स्पीकरमध्ये हा मोठा दोष ठरला असता. गिटारच्या बाबतीत तीच कृपा आहे. आपण ज्याला रॉक गिटारचा आवाज म्हणतो, त्याचा निम्मा तरी घाट या गाळणीने घडवलेला आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी पेडलमधून थेट इंटरफेसमध्ये गेलो तेव्हा ही गाळणीच मध्ये नव्हती. हेडफोन इमानदारीने वीस हजार हर्ट्झपर्यंत सगळं ऐकवत होते, माशीसकट.

खात्री करायची असेल तर तसं एखादं रेकॉर्डिंग घ्या आणि त्यावर साधा इक्वलायझर लावून पाच हजारांच्या वरचं सगळं उतरवून टाका. माशी लगेच मागे सरते. आवाज अजून चांगला नसतो, कारण खऱ्या स्पीकरचे उंचवटे-खड्डे त्यात नसतात, पण तो गिटारसारखा वाटू लागतो. हे उंचवटे-खड्डेही हवे असतील तर ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ नावाची फाइल वापरतात. रिकाम्या दालनात एक टाळी वाजवली की जो घुमारा येतो, तो त्या दालनाचा अंगठ्याचा ठसा असतो. तसंच स्पीकरला एक ठरावीक चाचणीचा आवाज द्यायचा, समोर माइक लावून त्याचा प्रतिसाद टिपायचा आणि त्यातून स्पीकर, पेटी आणि माइक या तिघांचा मिळून ठसा काढायचा. कॉम्प्युटर हा ठसा तुमच्या सिग्नलवर गणिताने उमटवतो. ही फाइल सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याएवढी असते, पण फरक रात्र-दिवसाचा पडतो.

या ठशात ॲम्पचं डिस्टॉर्शन मात्र नसतं. ते वेगळ्या प्लगइनमधून किंवा पेडलमधून यावं लागतं, आणि क्रमही महत्त्वाचा: आधी गिटार, मग पेडल, मग ॲम्प, सगळ्यात शेवटी स्पीकरचा ठसा. बऱ्याच ॲम्प प्लगइनमध्ये स्पीकर आधीच बसवलेला असतो. त्यावर पुन्हा इम्पल्स रिस्पॉन्स लावला तर गाळणी दोनदा लागते आणि गिटार गोधडीखाली गेल्यासारखी वाटते. माशी ऐकू आली तर स्पीकर शून्य, गोधडी ऐकू आली तर बहुधा स्पीकर दोन. दोष शोधायला एवढी खूण पुरते.

घरात बसून मोठ्या ॲम्पचा आवाज मिळवायची ही धडपड जुनी आहे. बॉस्टन या बँडचा 1976 चा पहिला अल्बम टॉम शोल्झ यांनी बराचसा आपल्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केला होता. शोल्झ पेशाने इंजिनिअर होते. पुढे 1982 मध्ये त्यांनी रॉकमॅन नावाची खिशात मावणारी डबी बाजारात आणली, हेडफोन लावून मोठ्या ॲम्पसारखी गिटार वाजवता येईल अशी. 1998 मध्ये लाइन सिक्सचं पॉड आलं, त्यात ॲम्पची नक्कल डिजिटल गणिताने केलेली होती. आज तेच गणित, कितीतरी सुधारून, आपल्या लॅपटॉपवर चालतं.

उशिरा ऐकू येणारी गिटार

प्लगइनमधून वाजवायला बसलात की पुढचा त्रास लेटन्सीचा. तार आत्ता छेडली आणि आवाज क्षणभराने आला, असं झालं की हात आपोआप मागे ओढू लागतो आणि ठेका बसता बसत नाही.

कारण असं. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने एकेक करून हाताळत नाही, गठ्ठे बांधून हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 48,000 नमुने आणि 128 नमुन्यांचा गठ्ठा असेल तर एक गठ्ठा भरायला सुमारे 2.7 मिलिसेकंद लागतात. आत येताना एक गठ्ठा, बाहेर जाताना एक, आणि वर इंटरफेस आणि ड्रायव्हरचा स्वतःचा वेळ. गठ्ठा 1024 चा असेल तर एकेका फेरीलाच 21 मिलिसेकंद, म्हणजे एकूण चाळीसच्या पुढे.

किती उशीर चालतो? हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहिलात तर आवाज तुमच्यापर्यंत नऊ मिलिसेकंदांनी पोहोचतो, आणि तिथे उभं राहून लोक आनंदाने वाजवतात. म्हणजे सगळं मिळून दहाच्या आत असेल तर काळजी नको. विंडोजवर त्यासाठी इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हरच निवडावा लागतो. कॉम्प्युटरचा नेहमीचा साउंड ड्रायव्हर या कामाचा नाही. गठ्ठा फार लहान केला की प्रोसेसरची धाप लागते आणि टकटक, चरचर ऐकू येते. तेव्हा वाजवताना 64 किंवा 128 ठेवा, बाकीचे जड प्लगइन बंद करा. वाजवणं संपून मिक्सिंगला बसलात की 1024 करा, तिथे उशिराने काही बिघडत नाही.

कोरा सिग्नल जपून ठेवा

प्लगइनमधून वाजवताना कानावर ॲम्पचा आवाज येत असतो, पण ट्रॅकवर उतरतो तो पिकअपमधून आलेला कोरा सिग्नल. घरच्या रेकॉर्डिंगचा हा सगळ्यात मोठा फायदा. महिन्याभराने वाटलं की गेन जास्त झाला, तर पुन्हा वाजवायची गरज नाही; प्लगइनची घुंडी फिरवली की झालं. खरा ॲम्प वापरायचा असेल तर हाच कोरा ट्रॅक इंटरफेसमधून बाहेर काढून ॲम्पमध्ये सोडता येतो. त्याला रिॲम्पिंग म्हणतात. त्यासाठी मध्ये एक छोटी डबी लागते, जी लाइनचा सिग्नल पुन्हा गिटारच्या सिग्नलसारखा करते.

पण या सोयीची एक बाजू मला खटकते. आवाज नंतर ठरवू म्हणून कसाही आवाज लावून टेक घेतला, तर वाजवणंही कसंतरीच होतं. बोटं कानाच्या सांगण्यावरून चालतात. गेन भरपूर असेल तर स्वर लांबत राहतो आणि हात निवांत होतो. क्लीन टोन असेल तर तोच हात जास्त छेडतो, मींड लवकर सोडतो. कोऱ्या ट्रॅकवर नंतर कितीही ॲम्प चढवा, हाताने त्या क्षणी काय ठरवलं ते बदलत नाही. म्हणून मी आधी अर्धा तास आवाज लावण्यात घालवतो आणि मगच रेकॉर्डचं बटण दाबतो.

घरात खरा ॲम्प आणि समोर एक माइक

शेजाऱ्यांचा प्रश्न नसेल तर हे एकदा तरी कराच. त्यासाठी मोठा ॲम्प लागत नाही. ताकद निम्मी केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो. कानाला निम्मा वाटायला ताकद साधारण दहापट कमी करावी लागते. म्हणजे तीस वॉटच्या जागी पंधरा वॉटचा ॲम्प आणून घरात शांतता होणार नाही, आणि एका वॉटचा छोटा ॲम्पही खोली दणाणून सोडतो. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: स्पीकर किंवा त्याच्या जागी लोड बॉक्स जोडल्याशिवाय तो कधीही चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

माइक साधा डायनॅमिक चालतो. शुअर एसएम57 हा 1965 पासूनचा माइक आजही मोठमोठ्या स्टुडिओंत गिटारच्या ॲम्पसमोर दिसतो. महाग माइकपेक्षा तो कुठे ठेवला याचा आवाजावर कितीतरी जास्त परिणाम होतो. जाळीच्या कापडामागे स्पीकर नेमका कुठे आहे ते टॉर्च मारून बघा. मधोमध घुमटासारखी टोपी दिसेल. माइक टोपीच्या समोर धरलात तर आवाज धारदार, टोकदार. टोपीच्या कडेवर आणलात की धार बोथट होते. आणखी बाहेर, शंकूवर नेलात तर जाड आणि अंधारा. हा सगळा प्रवास चार-पाच सेंटिमीटरचा असतो आणि त्यात जेवढा फरक पडतो तेवढा इक्वलायझरने ओढूनताणूनही पडत नाही. शिवाय माइक जाळीला जितका चिकटवाल तितका खर्ज फुगतो, आणि हातभर मागे नेलात की खोलीही ऐकू येऊ लागते.

एकटे असाल तर जागा शोधायची युक्ती सांगतो. ॲम्पचा गेन इतका वाढवा की काही न वाजवता नुसती ‘स्स्स’ अशी सळसळ येईल. मग आवाज बंदिस्त ठेवणारे हेडफोन घाला आणि माइक हातात धरून जाळीसमोर इंच-इंच सरकवा. सळसळीचा रंग बदलताना स्पष्ट ऐकू येतो: एका जागी ती शिट्टीसारखी पातळ, जरा बाजूला भरीव, आणखी पुढे मलूल. जिथे ती भरीव वाटते, तिथे माइक स्टँडवर बसवा आणि मग गेन नेहमीच्या जागी आणा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा कापडाच्या एकाच इंचात तीन वेगवेगळे ॲम्प असल्यासारखं मला वाटलं होतं.

दोन माइक लावायचा मोह होईल. सुरुवातीला नको. एका माइकपर्यंत आवाज दुसऱ्यापेक्षा एक मिलिसेकंद उशिरा पोहोचला, म्हणजे अंतरात 34 सेंटिमीटरचा फरक पडला, की दोन्ही मिसळताना 500 हर्ट्झची लाट एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असते आणि ती पुसली जाते. मग 1500 ची, मग 2500 ची. आवाज पोकळ होतो आणि कारण पटकन सापडत नाही. ॲम्प खुर्चीवर ठेवून जमिनीपासून उचला, मागे-बाजूला जाड पांघरुणं टांगा. एका माइकचं काम भागतं.

दोनदा वाजवा

रेकॉर्डवर गिटार डावी-उजवीकडे भिंतीसारखी पसरलेली ऐकू येते, ती बहुतेकदा एकच भाग दोनदा वाजवून: एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर काहीही रुंद होत नाही, कारण दोन्ही कानांना तंतोतंत एकच गोष्ट मिळते आणि मेंदू ती मधोमध ठेवतो. दोन खऱ्या टेकमध्ये काही मिलिसेकंदांचे, छेडण्याच्या जोराचे, सुराचे बारीक फरक असतात. रुंदी त्या फरकांतून येते. दोनदा वाजवताना प्रत्येक टेकचा गेन नेहमीपेक्षा कमी ठेवा. दोन मिळून तो आपसूक दाट होतो. एकट्यात छान वाटणारा गेन दोन थरांत चिखल होतो.

आणि सुरात लावणं. तार जोरात छेडली की पहिल्या क्षणी तिचा सूर थोडा चढतो; बोट पडद्यामागे फार दाबलं तरी चढतो. म्हणून जो भाग वाजवायचा आहे, त्याच जोराने तार छेडून ट्यून करा, आणि दर टेकनंतर पुन्हा तपासा. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि त्याच पडद्यावर दाबून वाजवलेला स्वर जुळत नसेल तर आधी पुलावरचा तारेचा टेकू सरकवून घ्या: दाबलेला स्वर चढा असेल तर तारेची लांबी वाढवा, उतरलेला असेल तर कमी करा. डिस्टॉर्शनमध्ये हा बेसूरपणा लपत नाही, दुप्पट दिसतो, कारण तारांचे स्वर एकमेकांत मिसळून त्यांच्या फरकाचे नवे स्वर तयार होतात.

मिक्सिंगवर स्वतंत्र लेख होईल, इथे एकच सांगतो. कमी आवाजात कानाला खालचे आणि फार वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. रात्री हळू आवाजात बसून गिटारला खर्ज आणि धार चढवत गेलात तर दुसऱ्या दिवशी मोठ्याने ऐकताना ती कानात घुसते. दोन टोन ताडून पाहतानाही दोघांचा आवाज आधी सारखा करा. जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो.

त्या पहिल्या दिवसाची फाइल मी पुसलेली नाही. पेडलचं डिस्टॉर्शन तिच्यात पक्कं उतरलेलं होतं, स्पीकर तेवढा नव्हता. परवा तिच्यावर बारा इंची स्पीकरचा एक ठसा लावून ऐकली. माशी गेली. आता ऐकू येतं ते इतकंच, की दुसरी तार किंचित चढली आहे आणि तिसऱ्या कॉर्डवर जाताना मी घाई केली आहे.